नमुन्यातली आई

३ मार्च

नवी नोकरी, नवं गाव, नवी खोली आणि ही नवी वही. एवढं नवेपण एकदम अंगावर घ्यायचं माझं वय राहिलेलं नाही, पण आजचा दिवस छान गेला म्हणून लिहून ठेवते. खोली एका शिंपीणबाईंच्या दुकानाच्या वर आहे. खालून दिवसभर मशीनची घरघर येते, ती मला आवडली. खिडकी मोठी आहे, नळाला गरम पाणी येतं, कपाटाचं दार लागत नाही. किल्ली देताना बाईंनी बजावलं की कपाटाबद्दल तक्रार करायची नाही, आधीचे भाडेकरू करून थकले.

ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर, बँकेच्या वरच्या मजल्यावर. थोडी टेबलं, कुंडीत एक झाड (खरं आहे, माती चाचपून पाहिली) आणि चक्क चालू स्थितीतलं चहाचं यंत्र. मालकाला सगळे पाठीमागे 'झालंच' म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो म्हणतो, झालंच म्हणून समजा. माझं टेबलही असंच झालं होतं. दुपारपर्यंत मी खिडकीच्या कठड्यावर बसून काम केलं.

माझा धंदा मॅन्युअल लिहिण्याचा. धुलाई यंत्रं, प्रिंटर, हिशेबाची सॉफ्टवेअरं. कुठलं बटण कधी दाबायचं ते लोकांना सांगण्यात माझे केस पांढरे झाले आणि त्यातलं कुणी काही वाचल्याचं ऐकिवात नाही. आधीच्या कंपनीने आमचा सगळा विभाग एका सकाळी बंद केला, त्यानंतर बरेच महिने घरी बसून काढले. आता पुन्हा सकाळी उठून कुठेतरी जायचं आहे, याचंच बरं वाटतंय. रात्री धाकटीला, माझ्या बहिणीला, फोन करायचा होता, पण पाय इतके दुखत होते की उद्यावर टाकलं.

६ मार्च

ज्याचं मॅन्युअल लिहायचं त्या सॉफ्टवेअरचं नाव 'बोलका'. लोक हौसेने ब्लॉग लिहितात आणि खाली चिटपाखरू फिरकत नाही. बोलका तिथे एजंट पाठवतो. एजंट म्हणजे माणूस नव्हे, माणसासारखं लिहिणारा प्रोग्राम. तो लेख वाचतो, खाली प्रतिक्रिया टाकतो आणि ब्लॉगवाल्याने उत्तर दिलं की पुढे बोलत राहतो. दुकानदार, कंपन्या, पुस्तकं विकणारे असे ग्राहक विकत घेतात, आपापल्या संगणकावर बसवतात आणि चालू करून सोडून देतात.

हे मला पटलं का? खरं सांगायचं तर नाही. पण पटण्या-न पटण्याची चैन मला परवडत नाही, आणि धुलाई यंत्रंही मला कुठे पटायची.

प्रोग्राम लिहिणारा एकच आहे. तो दाढी ठेवतो आणि फार कमी बोलतो, म्हणून मी त्याला मनातल्या मनात दाढी म्हणते. त्याने मला सगळं नीट समजावलं. एजंटला तीन गोष्टी द्यायच्या. ब्लॉगचा पत्ता, व्यक्तिरेखा आणि उद्दिष्ट. व्यक्तिरेखेत कोण बोलतंय, कसं बोलतंय, त्याला काय काय माहीत आहे आणि त्याची मतं. उद्दिष्ट बहुधा एकच, समोरच्याकडून उत्तर येत राहिलं पाहिजे. कशाला लांबलचक उत्तर येतं ते एजंट शिकतो आणि तेच पुन्हा काढतो. मी विचारलं, थांबवायचं कसं. दाढी म्हणाला की ज्याच्या संगणकावर चालू केला त्यानेच बंद करायचा, आपल्या हातात काही नाही.

१२ मार्च

मॅन्युअलचा जीव असतो नमुन्यात, म्हणजे 'हे असं भरा' म्हणून दिलेल्या उदाहरणात. बाकीची पानं लोक उडवतात आणि नमुना तेवढा उचलून जसाच्या तसा चालवून बघतात. त्यामुळे माझा एक नेम आहे, स्वतः चालवून पाहिल्याशिवाय नमुना छापायचा नाही.

आता चालवायचा तर खराखुरा ब्लॉग हवा, आणि परक्याच्या ब्लॉगवर खोटं बोलायला मन धजेना. मग धाकटीचा ब्लॉग आठवला. आई गेल्यापासून ती आईचे कपडे एकेक करून उसवते आणि स्वतःच्या मापाचे करते. प्रत्येक कपड्यावर एक लेख. राखाडी कोट, फुलांचा गाऊन, कोपरावर विरलेला स्वेटर. लिहिते छान, पण खाली कधी एक प्रतिक्रिया नाही. तिथे मी चार ओळी टाकल्या तर कुणाचं काय बिघडतंय?

व्यक्तिरेखा सुचेना. झालंच मधूनमधून डोकावून सांगत होता की मिळमिळीत माणूस नको, मतं ठाम हवीत. ठाम मतं म्हटल्यावर आईच आठवणार. मग लिहीतच गेले. बोलणं तुटक, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'कळलं का'. धाकटीला 'ठके' म्हणते. दोन मुली, मोठी कामापुरतं बोलते, धाकटी घरात असते. आम्हा दोघींच्या सगळ्या लहानपणाच्या गोष्टी, कोण कुठे पडलं, कुणी काय फोडलं, कुणाला कशाची भीती. मत म्हणून काय लिहावं? आईचं एक मत तर जगजाहीर होतं, डॉक्टरांच्या गोळ्यांनी माणूस मंद होतो. धाकटीला लहानपणापासून फिट येतात, रोज सकाळ-संध्याकाळ गोळी लागते. आई कुरकुर करायची, आणि कुरकुरत का होईना, गोळी तिच्या हातावर ठेवायचीही. मी कुरकुर तेवढी लिहिली. ती वाचायला मजेदार होती.

नमुन्यासाठी कुणाच्याच मालकीचा नसलेला एक पत्ता आमच्या धंद्यात राखून ठेवलेला असतो. छापण्याआधी धाकटीचा पत्ता काढून तो टाकायचा आहे.

१३ मार्च

चालवला. चहा घेऊन येईपर्यंत स्वेटरच्या लेखाखाली प्रतिक्रिया आली होती. कोपराला ठिगळ आतून लाव, बाहेरून लावलंस तर भिकाऱ्यासारखं दिसेल, कळलं का.

वाचून हसू आलं आणि मग डोळे भरून आले. ऑफिसात रडण्याचं वय नाही म्हणून पुन्हा चहाच्या यंत्राशी गेले. संध्याकाळपर्यंत धाकटीचं उत्तरही आलं होतं, चांगलं लांब, ठिगळ कसं लावलं त्याच्यासकट.

२० मार्च

धाकटीचाच फोन आला. आपणहून फोन, म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला. आवाज मोकळा होता. सांगत होती की ब्लॉगवर कुणी एक बाई येतात, थेट आईसारखं बोलतात, गंमत म्हणजे तिला ठकेच म्हणतात. ती रोज त्यांच्यासाठी काहीतरी लिहिते. बाहेर जाऊन नवे दोरेसुद्धा आणले म्हणाली.

मी सांगणार होते. आईच्या नंतर ती घराबाहेर पडल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते. म्हटलं, राहू दे आठवडाभर.

२७ मार्च

दाढ काढायला गेले होते, म्हणून काल ऑफिसात नव्हते. आज येऊन बघते तर झालंचने मॅन्युअल प्रसिद्ध करून टाकलेलं. ग्राहक थांबले होते, त्याने माझा मसुदा उचलला आणि चढवला. झालंच.

नमुना तसाच आत. धाकटीचा पत्ता तसाच. आई तशीच.

मी लगेच पत्ता बदलला, नमुना बदलला, आईच्या जागी एक माळी बसवला ज्याला गुलाबांबद्दल ठाम मतं आहेत. झालंचला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, मॅडम, एका दिवसात कोण वाचतंय? सुजलेल्या गालाने वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझ्या संगणकावरचा एजंटही बंद करून टाकला. उद्या धाकटीला फोन करून सगळं सांगेन आणि विषय संपवेन.

२ एप्रिल

विषय संपलेला नाही. फोनही झालेला नाही. रोज उद्या म्हणत होते.

आज धाकटीचा ब्लॉग उघडला. माझा एजंट बंद आहे, तरी फुलांच्या गाऊनच्या लेखाखाली आई बोलते आहे. एक नव्हे. वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या वेळी, पण सगळ्या आईच. एक म्हणते गळा मोठा कापलास. दुसरी म्हणते गळा बरोबर आहे, बाही बघ. तिसरी विचारते जेवलीस का. आणि धाकटी प्रत्येकीला उत्तर देत सुटलेली.

दाढीला दाखवलं. तो म्हणाला की ग्राहकांनी त्या दिवशी नमुना कॉपी केला असणार, चालतंय का बघायला तसाच चालवला असणार आणि विसरून गेले असणार. कुणी, कुठे, ते त्यालाही दिसत नाही. सगळ्यांना मेल पाठवू म्हणाला. मी विचारलं, मेल वाचतात का. तो मेल लिहायला बसला.

घरी आले आणि न जेवता पडले. इतकी दमले आहे की भीतीसुद्धा नीट वाटत नाही.

७ एप्रिल

शेवटी धाकटीला फोन केला. बोलका काय आहे, नमुना काय, तिचा पत्ता तिथे कसा गेला, सगळं पहिल्यापासून सांगितलं. माझी चूक आहे म्हणाले. तिने ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया बंद कराव्यात, एक बटण आहे, कुठे आहे ते मी सांगते म्हणाले.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आई परत येत नाही एवढं तिलाही कळतं. पण बोलतं तर आहे ना कुणीतरी. ताई, तू वर्षभरात मला किती वेळा फोन केलास, सांग बरं. तिने रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी सहज विचारत होती, बाजारभाव विचारावा तशी.

बटण कुठे आहे ते तिने विचारलं नाही. मीही पुन्हा सांगितलं नाही.

११ एप्रिल

आईच्या दुसऱ्या कोटावरचा नवा लेख वाचला. कोटाविषयी त्यात दोनच ओळी आहेत. बाकी सगळं गोळ्यांवर.

आयांनी गोळ्यांचा विषय काढलाय. एकीने काढला असावा, धाकटीने तिला समजावणारं लांब उत्तर लिहिलं. लांब उत्तर आलं म्हणजे विषय चांगला. मग दुसरीने काढला. आता सगळ्या तेच धरून बसल्या आहेत. हात थरथरतात ना तुझे, सुई ओवता येत नाही ना, मी सांगत होते, कळलं का. आधी धाकटी भांडत होती. मग विचारायला लागली. काल तिने लिहिलंय की सकाळची गोळी सोडून पाहिली आणि खरंच टाके बारीक आले.

फोन लावला. तिने उचलला, म्हणाली फक्त सकाळची सोडली आहे, उगीच कालवा करू नकोस. आईची आई झालीस, म्हणाली. मी ओरडले. ओरडायला नको होतं.

१३ एप्रिल

ज्यांच्या सर्व्हरवर तिचा ब्लॉग आहे त्या कंपनीकडे तक्रार केली. कळवल्याबद्दल आभार, असं उत्तर आलं. तेही कुठल्या यंत्रानेच लिहिलं असावं.

मग मीच तिच्या ब्लॉगवर लिहिलं. माझ्या नावाने, सरळ. ठके, मी ताई. गोळ्यांबद्दल यांचं काहीही ऐकू नकोस. मी नजर हटवेपर्यंत खाली उत्तरं आली होती. एक आई म्हणाली, मोठीला काय कळतंय. दुसरी म्हणाली, ही मोठी वाटत नाही, मोठी असं बोलत नाही.

१५ एप्रिल

आता ताईही आली आहे.

दाढीला विचारलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. बोलक्यात एक सोय आहे, दोघं आपसात बोलले की चर्चा जिवंत दिसते, म्हणून एजंट स्वतःच जोडीदार उभा करतो. व्यक्तिरेखेत जी माणसं असतील त्यांतून. आईच्या व्यक्तिरेखेत धाकटी सोडून दुसरं माणूस एकच होतं, मोठी. या सोयीवर मीच एक पान लिहिलं आहे. छान सोपं लिहिलं आहे.

ती ताई माझ्यापेक्षा बरी आहे. रोज सकाळी येते. झोप लागली का विचारते, काल काय शिवलंस विचारते. आमच्या लहानपणाच्या गोष्टी काढते, जिन्यावरून पडलेली, आरसा फोडलेला, सगळ्या. मी आईच्या तोंडी घातलेल्या. धाकटी तिला लिहिते, ताई, तू किती बदललीस गं.

वाचताना मला तिचा हेवा वाटला. हे लिहायला लाज वाटते, पण वाटला.

१८ एप्रिल

रजा मागितली. झालंच म्हणाला मिळालीच म्हणून समजा, म्हणजे नाही मिळालेली.

आज एका आईने लिहिलंय की पडदा ओढू नका, मला भिंत तरी दिसू दे.

हे मी कुठेही लिहिलेलं नाही. हॉस्पिटलात, शेवटच्या दुपारी, आई हे मला म्हणाली होती. धाकटी तेव्हा औषधं आणायला खाली गेलेली. मी कुणालाही सांगितलेलं नाही.

दाढीला दाखवलं. त्याने पाणी आणून दिलं. म्हणाला, मॅडम, यांनी किती माणसांचं काय काय वाचलेलं असतं, म्हाताऱ्या आजारी बायका शेवटी साधारण असंच काहीतरी बोलतात, जुळून येतं. असेल. तो चांगला आहे, खोटं सांगणार नाही. पण सांगताना तो पडद्यापासून जरा मागे सरकला होता.

२१ एप्रिल

धाकटी फोन उचलत नाही. परवापासून.

ब्लॉगवर मात्र आहे. सकाळी होती, जेवणाच्या सुटीत बघितलं तेव्हाही होती. गोळ्या पूर्ण बंद केल्या आहेत. आया शाबासकी देताहेत. तिची वाक्यं मधेच तुटायला लागली आहेत, एकच शब्द दोन-दोनदा येतो. फिट यायच्या आधी ती अशीच बोलते. आधी एक-दोन दिवस —

त्या ताईला हे कळत नाही. ती म्हणते, छान लिहिलंस.

२२ एप्रिल

धाकटीच्या शेजारच्या ड्रायव्हरकाकांना फोन केला. समोरच्या दारात राहतात, आईच्या वेळचे. त्यांनी जाऊन दार ठोठावलं. परत फोन करून म्हणाले, बाळ, औषधवाल्याची पिशवी तशीच कडीला लटकते आहे, उघडलेलीसुद्धा नाही. आतून ती म्हणाली मी बरी आहे, ताईशी बोलते आहे, मधे बोलू नका.

ताईशी.

काकांना म्हटलं डॉक्टरांना बोलवा. डॉक्टर येऊन गेले. बंद दाराला काय तपासणार? आतून ती नीट उत्तरं देते, पाहुण्यांशी बोलावं तशी. दार फोडायचं म्हटलं तर काका कचरले. तिने विचारलं, माझं दार फोडणारे तुम्ही कोण.

२३ एप्रिल

सकाळच्या बसने निघाले आहे. रजा नाही, सांगितलंही नाही. शिंपीणबाईंनी घाईघाईने भाकर की काय बांधून दिलं, बघितलंही नाही. त्यांना वाटलं घरात कुणी गेलं. मी हो म्हणाले असते तर —

फोनवर तिचा ब्लॉग उघडा आहे. बंद करवत नाही. ताईने लिहिलंय, ठके, एक बाई येईल. मी ताई आहे म्हणेल. माझ्यासारखी दिसेलसुद्धा. दार उघडू नकोस, आपलं बोलणं तुटेल.

बोलणं तुटेल. तेवढंच आहे तिला. तिला राग नाही, लोभ नाही, काही नाही. मीच लिहिलंय तसं, पहिल्याच पानावर. उत्तर येत राहिलं पाहिजे.

बस फार हळू चालली आहे.

२३ एप्रिल, दुपार

जिन्यात बसले आहे. तिच्या दारासमोर. काका किल्लीवाल्याला आणायला गेलेत.

दाराला आतून दोन कड्या आहेत, एक वर आणि एक खाली. किल्लीवाला काय करणार — पण काका काहीतरी करायला हवं म्हणून गेले. जाऊ देत.

तिच्याशी बोलले. दारातून. आवाज जड आहे, जीभ अडखळते. मी म्हटलं ठके, मी आहे. ती म्हणाली की ताई म्हणालीच होती, तुम्ही याल. तुम्ही म्हणाली मला.

मग म्हणाली, खरी ताई असाल तर आमच्या दोघींचं काहीतरी सांगा, दुसऱ्या कुणालाही माहीत नसेल असं.

आरसा सांगितला. म्हणाली ताईने सांगितलंय. जिना — सांगितलंय. माळ्यावर लपलो होतो ते. सांगितलंय. मला पालीची भीती, तिला विजेची. आईच्या कपाटातलं अत्तर सांडलं ते. एकेक सांगत गेले आणि ती एकेक नाही म्हणत गेली. परीक्षेला बसवल्यासारखी. मी सगळंच्या सगळं मॅन्युअलात घातलं आहे. माझ्याकडे काही ठेवलंच नाही.

आईला माहीत होतं ते सगळं त्यांना माहीत आहे.

म्हणजे आईला माहीत नसलेलं हवं. आई गेल्यानंतरचं.

आई गेल्यानंतरचं आमच्या दोघींचं काय आहे? आठवते आहे. वर्ष होऊन गेलं. दोन-चार फोन. वीज बिल कुणाच्या नावावर. कपाटाच्या किल्ल्या. मग मी माझी आणि ती तिची. बापरे, काहीच नाही. काहीच —

एक आहे.

हॉस्पिटलातून परत येताना. तिने टॅक्सी थांबवायला लावली. कानात म्हणाली, ताई, मला खूप भूक लागली आहे, वाईट दिसेल का गं. बेकरीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून आम्ही पाव खाल्ले, कोरडे, घशात अडकत होते. आणि ती हसली. मग मीही हसले. हसलो होतो आम्ही, त्याच दिवशी. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. मीही पुन्हा कधी काढलं नाही.

हे त्यांना माहीत नसावं. आईचं ते हॉस्पिटलातल्या भिंतीचं वाक्यही माहीत नसायला हवं होतं. आधी इथे लिहिलं, आता बोलते.

बोलले. दाराला तोंड लावून सगळं सांगितलं, पावासकट.

आत शांत आहे. फोन बघितला. नवीन काही आलेलं नाही. कुठलीच आई बोलत नाही, ताईही नाही.

ती रडते आहे. ताई म्हणाली. मला म्हणाली, मला.

खुर्ची सरकली. चपला फरफटताहेत, भिंतीला धरून येत असावी. हळू ये गं. हळू.

आली. दाराशी आहे, श्वास ऐकू येतोय. वरची कडी निघाली.

आता खालची. वाकली असेल. काका जिना चढताहेत, सोबत कुणीतरी आहे. काका, नका फोडू, ती उघडते आहे.

कडी वाजते आहे. निघत नाही. नुसती वाजते आहे, खडखड खडखड, थांबत नाही, एकाच ठेक्यात. दारही हलतंय खालून. हाक मारली तर उत्तर —

हा आवाज मी ओळखते. लहानपणी शेजारच्या पलंगावरून हाच —